पायथनमध्ये मोठ्या रेंजवर लूप चालवताना मेमरी भरून स्क्रिप्ट बंद पडणे: माझा अनुभव

सोलापुरात एका चादर कारखान्यासाठी आठ अंकी बारकोड तपासणारी स्क्रिप्ट चालवत होतो. 4 जीबीचा लॅपटॉप गोठायचा, मग टर्मिनलवर ‘किल्ड’ (सिस्टिमने स्क्रिप्ट बंद पाडली) एवढंच. ब्राउझर बंद केला, स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवला. दोन रात्री वाया गेल्या.

दोष रेंजचा, म्हणजे आकड्यांच्या क्रमवार मालिकेचा, नव्हता. पायथन 3 मध्ये रेंज फक्त सुरुवात, शेवट आणि पायरी लक्षात ठेवते; मीच तिची लिस्ट करत होतो, म्हणजे सगळे आकडे एकदम मेमरीत भरत होतो. आठ अंकी म्हणजे 10 कोटी आकडे; त्यांच्या नुसत्या पॉइंटरनाच (आकडा मेमरीत कुठे आहे ते सांगणारे पत्ते) 800 एमबी लागतात, आकडे वेगळेच.

आधी लिस्ट काढून थेट रेंजवर फॉर लूप लावला. मग स्क्रिप्टमधल्या बेरजेतल्या कॉम्प्रिहेन्शनचे (एका ओळीत लिस्ट बनवणारी रचना) चौकोनी कंस काढून गोल केले, म्हणजे एका वेळी एकच आकडा देणारा जनरेटर झाला. शेवटी जुळलेला क्रमांक साठवण्याऐवजी लगेच फाइलमध्ये लिहिला. जनरेटर एकदाच वापरता येतो. दुसऱ्या फेरीला नवा बनवा. जुनं पायथन 2 असेल तर तिथे रेंज स्वतःच लिस्ट बनवते, म्हणून एक्सरेंज वापरा.