इंदूरची आयपीमॅट: पेपरचा साचा आधी समजून घ्या

बारावीनंतर थेट आयआयएममध्ये, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देणारी ही परीक्षा. इंदूरच्या आयआयएमने हा अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू केला. राऊजवळच्या टेकडीवरचा कॅम्पस इथल्या घरोघरी ओळखीचा, म्हणून पेपरही तिथेच असेल असं पालक धरून चालतात. तसं नसतं. परीक्षा संगणकावर, ठरवून दिलेल्या केंद्रावर होते आणि केंद्राचा पत्ता प्रवेशपत्रावर असतो.

अलीकडच्या वर्षांतला साचा असा: ९० प्रश्न, १२० मिनिटं, ३६० गुण. गणिताचे दोन विभाग, एकात लघुउत्तरी १५ प्रश्न, दुसऱ्यात पर्यायी ३०. तिसरा विभाग इंग्रजीचा, ४५ प्रश्न. प्रत्येक विभागाला ४० मिनिटं बांधलेली. वेळ संपली की तो विभाग बंद, मागे जाता येत नाही, आणि एका विभागात वाचलेली मिनिटं दुसरीकडे वापरता येत नाहीत.

आता गुण मोजा. प्रत्येक बरोबर उत्तराला ४, म्हणजे लघुउत्तरी गणित ६०, पर्यायी गणित १२० आणि इंग्रजी १८०. अर्धा पेपर इंग्रजीचा! तरी इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासला जाणारी बरीच मुलं सगळा जोर गणितावर लावतात आणि इंग्रजी 'येतंच की' म्हणून सोडून देतात. कटऑफ विभागवार असतो. गणितात कितीही गुण मिळवले तरी इंग्रजीतली घसरण भरून निघत नाही. शिवाय तिथे एका प्रश्नाला जेमतेम ५३ सेकंद मिळतात आणि उतारे वाचण्याचा वेळही त्यातच धरायचा. रोज एखादा अग्रलेख घड्याळ लावून वाचला तर हा वेग येतो. नुसत्या शब्दांच्या याद्या घोकून येत नाही.

लघुउत्तरी विभागात प्रश्नामागे २ मिनिटं ४० सेकंद मिळतात, पण समोर पर्याय नसतात. उत्तराची संख्या पडद्यावरच्या कीपॅडवर भरायची. उदाहरणार्थ, १०० फॅक्टोरियलच्या, म्हणजे १ ते १०० या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराच्या, शेवटी किती शून्यं येतात? १०० ला ५ ने भागून २० लिहिणारा फसतो, कारण २५, ५०, ७५ आणि १०० यांत ५ हा अवयव दोनदा येतो. उत्तर २४. इथे चूक झाली हे कोणी सांगत नाही, म्हणून शेवटची पायरी पुन्हा तपासायची सवय हवी. कॅल्क्युलेटर मिळत नाही, आकडेमोड हातानेच. मात्र या विभागात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वेळ संपत आली आणि चौकट रिकामी असली, तर अंदाजाने काहीतरी भराच.

पर्यायी प्रश्नांत चुकलं की १ गुण जातो. चारपैकी एकही पर्याय खोडता येत नसेल तर अंदाज लावून सरासरी पाव गुण पदरात पडतो, तेवढ्यासाठी जीव टाकू नका. दोन खोडता आले तर तीच सरासरी दीड गुण होते. तिथे उत्तर द्यावं. पर्यायी गणितात प्रश्नामागे ८० सेकंदच आहेत, त्यामुळे पहिल्या फेरीत अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणं भाग आहे. आणि उत्तर निवडून थांबू नका, सेव्ह अँड नेक्स्ट दाबल्यावरच ते नोंदलं जातं.

सराव पेपर विकत घेताना नाव नीट पाहा. रोहतकच्या आयआयएमची परीक्षाही आयपीमॅटच, पण तिच्यात लॉजिकल रीझनिंगचा स्वतंत्र विभाग असतो आणि लघुउत्तरी प्रश्न नसतात. ते पेपर सोडवून इंदूरच्या वेळेचा अंदाज येत नाही. त्या वर्षीची अधिसूचना निघाली की प्रश्नसंख्या, वेळ आणि गुण तिच्याशी ताडून घ्या. क्लासच्या पत्रकात कधीकधी जुनाच साचा छापलेला असतो.