वर्ग आणि गुन्हा: दीर्घोत्तरी प्रश्नाचं उत्तर कसं बांधावं

समाजशास्त्राच्या पेपरात ‘सामाजिक वर्ग आणि गुन्हा यांचा संबंध काय?’ असा प्रश्न आला, तर ‘गरिबीमुळे गुन्हे वाढतात’ या वाक्याने उत्तर सुरू करू नका. आधी आकडे कुठून आले ते लिहा. २०२२च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, आणि ज्याची जामिनाची ऐपत नाही तो आतच राहतो. म्हणून तुरुंगातल्या गरिबीवरून गुन्हा कोण करतो हे ठरत नाही. समाजशास्त्रज्ञ टिटल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ३५ अभ्यास तपासले तेव्हा वर्ग आणि गुन्हा यांचा संबंध अगदी क्षीण निघाला. त्यावरचा आक्षेपही जोडा: अशा अभ्यासांतल्या स्वतः भरून द्यायच्या प्रश्नावल्यांत किरकोळ खोड्याच जास्त मोजल्या जातात.

मग अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मर्टन (१९३८). सर्वाधिक गुण इथेच जातात, कारण विद्यार्थी ध्येय आणि मार्ग यांच्याशी माणसं कशी जुळवून घेतात त्या पाच प्रतिसादांची यादी देतात आणि युक्तिवाद विसरतात. नुसती गरिबी पुरेशी नाही, असं मर्टन स्पष्ट म्हणतो. श्रीमंतीचं ध्येय सगळ्यांपुढे सारखंच ठेवलेलं आणि तिथवरचे वैध मार्ग काहींनाच मोकळे, या विसंगतीतून ताण येतो. ध्येय तेच ठेवून अवैध मार्ग धरणं म्हणजे नवप्रवर्तन. याच्याच पुढे समाजशास्त्रज्ञ कोहेन (१९५५) आणतो तो प्रश्न मांडा: मुलं ज्यातून दमडी मिळत नाही अशी तोडफोड का करतात? शाळा मध्यमवर्गीय मापाने मोजते, त्या मापात न बसणारी मुलं मापच उलटं करतात, हे त्याचं उत्तर. क्लोवर्ड-ओहलिन (१९६०) यांना दोन ओळी पुरेत: चोरीचा धंदाही शिकवणारं कुणी लागतं, तो मार्गही सगळ्यांना खुला नसतो.

इथपर्यंत उत्तर एकतर्फी आहे, कारण सगळं खालच्या वर्गाविषयीच झालं. आता अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ सदरलँड. १९४९च्या ‘व्हाइट कॉलर क्राइम’ या पुस्तकात त्याने अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे ९८० निर्णय मांडले. एकही कंपनी कोरी सुटली नाही. पण बरीच प्रकरणं फौजदारी न्यायालयाऐवजी प्रशासकीय आयोगांपुढे गेली, म्हणून गुन्ह्याच्या आकड्यांत ती दिसतच नाहीत. (प्रकाशकाने त्या आवृत्तीत कंपन्यांची नावं छापली नव्हती, ती १९८३ मध्ये आली. हा तपशील लक्षात राहतो, जरूर वापरा.) मार्क्सवादी मांडणी इथेच जोडा: कायदा कोण करतो आणि कुणावर लावतो? सोबत समाजशास्त्रज्ञ चँब्लिसचा १९७३ चा अभ्यास घ्या. एकाच शाळेतल्या दोन टोळ्या, उपद्रव जवळपास सारखाच, पण सुस्थितीतल्या आठ मुलांपैकी एकालाही अटक नाही, आणि गरीब घरच्या सहा मुलांच्या मागे पोलीस सतत.

भारतीय उदाहरण म्हणून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा द्या, जो १९५२ मध्ये रद्द झाला. मात्र तिथे शिक्का जन्मावरून बसत होता, उत्पन्नावरून नव्हे. वर्ग आणि जात एकच धरून लिहिलंत तर परीक्षक नेमकं तिथेच लाल रेघ ओढतो.