जुन्या कॉम्प्युटरसाठी हार्ड डिस्क घेताना या चुका टाळा

घरचा दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, की आपली इंदूरकरांची पावलं आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. तिथे जाण्याआधी घरीच कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडून बघा. पैसे वाया जातात ते बहुतेक हे न बघितल्यामुळेच.

डिस्कला दोन इंच रुंद चपटी पट्टी जोडलेली असेल तर ती आयडीई, म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत. या मशीनवर आता खर्चच करू नका. बोटभर रुंदीची पातळ केबल असेल तर ती साटा, म्हणजे त्यानंतरची पद्धत. साटा २००३ पासून आहे आणि मागच्या पिढ्यांशी जुळवून घेतं. म्हणजे ६ जीबीपीएस वेगाची नवी डिस्क ३ जीबीपीएसच्या जुन्या मदरबोर्डावरही चालते, फक्त वेग बोर्डाचा मिळतो. "जुन्या बोर्डावर चालणार नाही, बोर्डही बदला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. मात्र स्वस्त दिसली म्हणून एनव्हीएमई प्रकारची एसएसडी उचलू नका, ती साटावर चालत नाही. जुन्या बोर्डावर सहसा तिची जागाच नसते, आणि कार्ड लावून बसवली तरी जुनं बायोस (कॉम्प्युटर चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून विंडोज सुरू करत नाही. अडीच इंची साटा एसएसडी मागा.

दुसरी चूक म्हणजे जीबी मोजत बसणं. जास्त जीबी मिळतात म्हणून लोक १ टीबीची फिरती डिस्क घेतात आणि कॉम्प्युटर होता तसाच रेंगाळतो. ७२०० आरपीएमच्या डिस्कला नुसती अर्धी फेरी घ्यायलाच ४ मिलिसेकंद लागतात. एसएसडीला माहिती शोधायला मिलिसेकंदाचा छोटासा भाग पुरतो. विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी लावा. जुनी डिस्क धडधाकट असेल तर फोटोंसाठी आतच राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे वापरलेला आणि तपासून पुन्हा विकायला ठेवलेला माल. स्वस्तात मिळणाऱ्या अशा डिस्कमध्ये सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून (रेकॉर्डिंगच्या डब्यातून) काढलेल्याही असतात, वर्षानुवर्षं रात्रंदिवस फिरलेल्या. पैसे देण्याआधी दुकानातच डिस्क जोडायला लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्रॅम उघडायला सांगा. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. वर्षाचे तास ८,७६०. तिथे ३५,००० दिसले तर ती डिस्क चार वर्षं अखंड चाललेली आहे. मग खाली ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर (माहिती साठवायचे छोटे कप्पे) मोजणाऱ्या ओळी बघा: शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं हवीत. सी५ मध्ये शून्याखेरीज काहीही दिसलं, म्हणजे काही सेक्टर वाचले जात नाहीयेत. ती डिस्क फुकटातही नको. तासांचा आकडा पुसून शून्य करता येतो, म्हणून लेबलवरची तारीखही वाचा. तीन वर्षांपूर्वीची डिस्क आणि तास फक्त दहा, तर शंका घ्या. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी उरली आहे का तेही कळतं. दुकानाची तोंडी गॅरंटी धरू नका, बिलावर लिहून घ्या.

जुन्या डिस्कचा टकटक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. तिच्यावर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका, त्याने मरणारी डिस्क आणखी लवकर जाते. आजी-आजोबांचे, मुंजीचे फोटो अजून तिच्यातच असतील तर आधी जाणकाराकडून ते काढून घ्या, खरेदी मग.

घरी आल्यावर घाबरून जाण्यासारखं फारसं काही नसतं. नवी डिस्क ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही? विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशियलाइझ करा (वापरासाठी तयार करा), पार्टिशन म्हणजे भाग बनवा. ५०० जीबीऐवजी ४६५ दिसतात? फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. ४ टीबीची डिस्क २ टीबीच दाखवते? एमबीआर या पार्टिशनच्या जुन्या पद्धतीची मर्यादा तेवढीच, जीपीटी ही नवी पद्धत करा. एसएसडीवर विंडोज टाकण्याआधी बायोसच्या सेटिंगमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) ‘एएचसीआय’ करा. नंतर बदललात तर निळा स्क्रीन येण्याची शक्यता.

आणि डिस्क अधूनमधून गायब होत असेल, क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या सी७ या ओळीचा आकडाही वाढत असेल, तर ती परत करायला धावू नका. आधी केबल बदला. बहुतेक वेळा दोष केबलचाच निघतो.