वारीची कृष्णधवल छायाचित्रे टिपताना

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे सोडून दिवे घाट चढू लागते तेव्हा भगव्या पताका, पहिल्या पावसाने हिरवट झालेले डोंगर आणि लुगड्यांचे गडद रंग एकदम नजरेत भरतात, आणि कृष्णधवल छायाचित्रकाराची पहिली अडचण नेमकी तीच असते. भगवा व हिरवा डोळ्याला कितीही वेगळे वाटले तरी त्यांची उजळता पुष्कळदा सारखीच असते; त्यामुळे डोंगरासमोरची पताका करड्या छटेत विरून जाते. त्यावर उपाय असा, की रस्त्याच्या खालच्या अंगाला उभे राहून पताका आभाळावर येईल असा कोन धरावा. ढगाळ आभाळ फिकट असल्याने दिंडीची आकृती त्यावर ठसठशीत उमटते.

लाल फिल्टर निळे आभाळ गडद करतो, परंतु ढगांनी भरलेल्या आभाळावर त्याचा परिणाम फारसा होत नाही आणि सुमारे तीन स्टॉप प्रकाश (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) मात्र खर्ची पडतो. शिवाय त्याने लाल रंग उजळतो, म्हणजे डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईच्या कपाळावरचे कुंकू पुसल्यासारखे दिसते, आणि वारीच्या छायाचित्रात ही चूक मला तरी अक्षम्य वाटते. फिल्मवर काम करणाऱ्यांनी त्याऐवजी पिवळसर हिरवा फिल्टर वापरावा. डिजिटल कॅमेऱ्यावर रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवून केवळ पडद्यावरील दृश्य कृष्णधवल करावे, म्हणजे कोणता रंग किती गडद ठेवायचा हे नंतर ठरवता येते. पुरुषांच्या कपाळावरील गोपीचंदन आणि बुक्का यांना असा कोणताही उपचार लागत नाही.

जेजुरीत मात्र रंगीत छायाचित्रे काढावीत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पिवळा रंग कृष्णधवल चित्रात फिका होतो आणि उधळलेला भंडारा पिठासारखा दिसतो.

पांढरे सदरे, धोतरे आणि टोप्या यांनी चौकट भरली की कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर फसतो व चित्र काळपट येते. म्हणून प्रकाश दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावा. मात्र डिजिटलमध्ये पांढऱ्या कापडाचा तपशील एकदा उडाला की परत मिळत नाही, म्हणून हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातील उजळ-गडद छटांच्या आलेखाची, उजवी कड तपासत राहावे.

चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते, म्हणजे वारकऱ्यांच्या दुतर्फा उभ्या रांगांमधून अश्व धावतो. धावत्या अश्वासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवावा, परंतु खरे चित्र बहुधा अश्व गेल्यावर मिळते: वारकरी वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात, त्या वेळी १/२५० पुरते. अश्वाच्या वाटेत कदापि उतरू नये. समोरच्या रांगेतील चेहरे दिसतील अशी जागा आधीच धरावी.

जवळून चेहरा टिपण्यापूर्वी ‘माउली, फोटो घेऊ का?’ असे विचारावे, आणि नदीकाठी अंघोळ करणाऱ्या किंवा राहुटीत निजलेल्या स्त्रियांकडे कॅमेरा वळवूच नये. मुक्कामी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी प्रत्येक निवडक चित्रापुढे तिथी, ठिकाण, दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची हे लिहून ठेवावे, कारण पोशाखावरून दिंडी ओळखणे नंतर जवळजवळ अशक्य असते.