मारधाडीच्या कादंबरीवरची उलटसुलट मते कशी वाचावीत

एकाच थरारकादंबरीबद्दल एक वाचक ‘एका बैठकीत संपवली’ असे सांगतो आणि दुसरा ‘किळस येऊन अर्ध्यावर मिटली’ असे म्हणतो, तेव्हा दोघांपैकी एकाला पुस्तक कळलेच नाही, असे समजण्याचा मोह होतो. तो टाळावा. हिंसा हाच ज्या कादंबरीचा कणा असतो, तिच्याविषयीची परस्परविरोधी मते बहुधा एकाच पानावरून निघालेली असतात, आणि ते पान नेमके कोणते हे शोधून काढणे, हे मते वाचणाऱ्याचे पहिले काम असते.

हे काम कसे करावे, हे दाखवण्यासाठी डेव्हिड मॉरेल यांची 1972 साली आलेली ‘फर्स्ट ब्लड’ ही कादंबरी मी उदाहरणादाखल घेतो. रॅम्बो हे नाव जगाला या पुस्तकाने दिले. पुढे तिचा शेवटही सांगावा लागणार आहे, त्यामुळे ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी कादंबरी वाचून मगच इकडे परतावे.

सर्वप्रथम, मतातला निवाडा आणि निरीक्षण वेगळे करावे. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या समीक्षकाने या कादंबरीसाठी ‘कार्नोग्राफी’ असा शब्द वापरला होता. मांस या अर्थाचा लॅटिन शब्द आणि पोर्नोग्राफी यांचा तो जोडशब्द आहे. या शब्दातला आरोप ‘माणसे फार मरतात’ एवढाच नाही. रक्तमांस चवीने पाहण्यासाठी मांडले आहे, असा तो आरोप आहे. हे दोन आक्षेप वेगळे आहेत. पहिल्याची पडताळणी मृतांची मोजदाद करून होते. दुसऱ्याची पडताळणी करायची असेल, तर प्रत्येक हाणामारीच्या आधी आणि नंतर लेखक किती थांबतो, हे पाहावे लागते.

तुरुंगातला प्रसंगच पाहा. केंटकी राज्यातल्या एका छोट्या गावात, दाढी आणि केस वाढवलेल्या रॅम्बो नावाच्या एका तरुणाला पोलीसप्रमुख टीझल पुनःपुन्हा वेशीबाहेर सोडून येतो, तो पुनःपुन्हा परत येतो, आणि शेवटी त्याला कोठडीत टाकले जाते. त्याचे केस आणि दाढी बळजबरीने उतरवण्यासाठी वस्तरा पुढे येतो. हा तरुण व्हिएतनाममध्ये शत्रूच्या कैदेत राहिलेला आहे आणि त्या छळाचे व्रण त्याच्या अंगावर आहेत, हे वाचकाला एव्हाना कळलेले असते. वस्तरा त्याच्या हाती लागतो, एका पोलिसाचे पोट फाडले जाते, आणि रॅम्बो नग्नावस्थेत मोटारसायकल पळवून डोंगराकडे निघतो. ‘अनावश्यक हिंसा’ असे म्हणणाऱ्याने फाडलेले पोट पाहिलेले असते. ‘अंगावर काटा आला’ असे म्हणणाऱ्याने वस्तऱ्याकडे पाहणारी नजर पाहिलेली असते. दोघांचीही साक्ष खरी आहे. मला स्वतःला हा प्रसंग चवीसाठी लिहिलेला वाटत नाही, कारण त्या क्षणाची तयारी लेखकाने कितीतरी पाने आधीपासून केलेली आहे.

त्यानंतर मत देणारा कोठून आला आहे, हे विचारावे. 1982 सालचा चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेल्यांची निराशा वेगळ्या जातीची असते. चित्रपटात मृत्यू अगदी मोजके आहेत आणि नायक जिवंत राहतो. कादंबरीत प्रेतांची रास पडते आणि शेवटी रॅम्बो आणि टीझल दोघेही मरतात. शिवाय कथन आलटूनपालटून दोघांच्या बाजूने चालते. टीझल स्वतः कोरियाच्या युद्धात शौर्यपदक मिळवलेला, बायको सोडून गेलेला, आपले गाव सांभाळू पाहणारा माणूस आहे. त्यामुळे ‘नायक कोण आणि खलनायक कोण, हेच कळत नाही’ अशी तक्रार वाचनात आली, की ती दोषांच्या खात्यात टाकण्याची घाई करू नये. तक्रार करणाऱ्याने कादंबरीची रचना अचूक ओळखली आहे, फक्त ती त्याला नको होती.

आपल्याकडच्या वाचकाला याचे मर्म लवकर कळेल. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड वाचत वाढलेल्या पिढ्यांनी मारामारी आणि पिस्तुले भरपूर पचवली, परंतु नायक पुढच्या पुस्तकात परत येणार हा भरवसा त्यांच्या मनात पक्का होता. तो भरवसा काढून घेतला, की तेवढीच हिंसा दुपटीने झोंबते.

सहनशक्तीची जागाही प्रत्येकाची निराळी असते. टीझलला लहानपणापासून सांभाळणारा एक म्हातारा आपली शिकारी कुत्री घेऊन शोधमोहिमेत सामील होतो. रॅम्बोच्या गोळ्यांनी कुत्रीही मरतात आणि तो म्हाताराही. तोपर्यंत माझी सारी सहानुभूती रॅम्बोकडे होती, ती या ठिकाणी दुभंगली. माणसांचे मृत्यू निमूटपणे वाचणारे काही जण कुत्र्यांच्या पानावर पुस्तक ठेवून देतात, आणि त्यात हसण्यासारखे काहीही नाही. म्हणून ‘हिंसक आहे’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये. हिंसा कोणावर, कोणाच्या हातून, आणि तिचे परिणाम दाखवले आहेत की नाहीत, हे विचारावे.

मत कोणत्या काळातले आहे, हेही पाहावे. एका संध्याकाळी दूरचित्रवाणीवर व्हिएतनाममधील चकमक आणि तिच्यापाठोपाठ अमेरिकेतल्या शहरांतील दंगली पाहताना, आवाज बंद केला तर या दोन्ही बातम्या एकाच घटनेच्या वाटतील, असे मॉरेल यांच्या मनात आले आणि त्यातून ही कादंबरी उगवली. 1972 साली ते युद्ध चालू होते. त्या वेळच्या वाचकाची अस्वस्थता आणि आजच्या वाचकाचा ‘हे तर नेहमीचेच’ हा शेरा एका तराजूत घालता येत नाही. युद्धावरून परतलेला सैनिक म्हणजे चालताबोलता बॉम्ब, अशी प्रतिमा या पुस्तकाने रुजवली, हा आक्षेप मात्र आजही गंभीर आहे, आणि कथेचा वेग कितीही आवडला तरी तो बाजूला सारू नये.

एवढे झाल्यावर स्वतः दहा पाने वाचावीत, आणि ती सुरुवातीची नसावीत. सुरुवात प्रत्येक लेखक घासूनपुसून देतो. मधला एखादा पाठलाग उघडावा, मेलेल्याला नाव आहे का, त्याच्या मृत्यूनंतर कोणी क्षणभर तरी थांबते का, हे पाहावे, आणि मग घ्यायचे की सोडायचे ते ठरवावे.

वाचनगटात चर्चा घडवायची असेल, तर ज्याने पुस्तक अर्धवट सोडले त्याला प्रथम बोलू द्यावे. आवडलेल्यांनी आधी बाजी मारली, की तो ‘माझे मनच हळवे’ असे म्हणून गप्प बसतो आणि सर्वांत उपयोगी माहिती हातची जाते. त्याला ‘का सोडले?’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणत्या पानावर सोडले?’ असे विचारावे आणि ते पान मोठ्याने वाचावे.

आणि आपले मत लिहिताना, वाचनालयाच्या प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ‘जबरदस्त’ आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘भिकार’ असे लिहिलेले असते, तसे एकशब्दी लिहू नये. आपल्याला काय सोसवते आणि काय नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावे, प्राण्यांचे किंवा कैद्यांचे हाल असतील तर तसे स्पष्ट कळवावे, आणि शेवट मात्र झाकून ठेवावा.