मृगापूर्वी यंत्रांच्या केबल दुरुस्त करून घ्याव्यात

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागते आणि मृग 7 किंवा 8 जूनला. मधले दोन आठवडे बियाणे, खत आणि डिझेलच्या जुळवाजुळवीत जातात. याच दिवसांत पॉवर वीडर, पॉवर टिलर, ब्रश कटर आणि इंजिनावर चालणारे फवारणी पंप छपरीतून बाहेर काढून त्यांच्या रेसच्या, क्लचच्या आणि इंजिन बंद करण्याच्या केबल तपासून घ्याव्यात. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पावसानंतर वाफसा येण्यास वेळ लागतो आणि आलेला वाफसा फार काळ टिकत नाही. सोयाबीनची पहिली कोळपणी पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी करावयाची असते, आणि ती दोन पावसांमधल्या उघडिपीत उरकावी लागते. त्या दिवशी बोटभर लांबीच्या तारेसाठी तालुक्याच्या गावाला हेलपाटा घालावा लागला, तर तण आपल्यासाठी थांबत नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात 18 मे रोजी खरीप मेळावा भरतो. तेथून एमएयूएस-71 सोयाबीनची किंवा बीडीएन-711 तुरीची पिशवी घेऊन परतणाऱ्यांनी वाटेत हार्डवेअरच्या आणि सायकलच्या दुकानातही थांबावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सायकलच्या ब्रेकची आतली तार साधारण दीड मिलिमीटर जाडीची असते आणि बहुतेक लहान यंत्रांच्या रेससाठी ती पुरते. तिच्यासोबत आऊटरच्या, म्हणजे तारेवरच्या बाहेरच्या नळीच्या, टोकांना बसणाऱ्या टोप्या, स्क्रूने आवळण्याचे पितळी निपल (तारेच्या टोकाला बसणारे बोंड), तार अडकवण्यासाठी आडवे छिद्र असलेला बोल्ट व त्याचे नट-वायसर, थोड्या स्प्लिट पिना आणि दोन लहान वायर क्लिपा घेतल्या, म्हणजे घरच्या घरी होण्याजोग्या दुरुस्तीचे सामान एका डब्यात मावते.

तार तुटते ती बहुधा मध्ये नव्हे, तर टोकाला, निपलला लागूनच. हँडलवरचा खटका दाबताना निपल आपल्या खोबणीत थोडे फिरावे लागते. तेथे धूळ आणि जुने ग्रीस घट्ट बसले की निपल फिरत नाही, आणि प्रत्येक दाबाला तारच मुडपते. एकच जागा हजारो वेळा मुडपल्यावर एकेक धागा तुटत जातो. म्हणून खटका पूर्ण दाबून निपलजवळची तार चिंधीने पुसावी आणि उजेडात पाहावी. एखादा जरी धागा उभा राहिलेला दिसला, तरी ती तार या हंगामात भरवशाची नाही असे समजावे. नवी तार घालतानाही निपलची खोबण रॉकेलने धुऊन, तेथे तेलाचा एक थेंब सोडल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये, कारण मूळ दोष तसाच राहिला तर नवी तारही त्याच जागी तुटते. आमच्या पाहण्यात एकाच वीडरची क्लचची तार एका हंगामात तीन वेळा बदलली गेली. दोष तारेत नव्हता, तर हँडलच्या खटक्यात अडकलेल्या निपलमध्ये होता, आणि तो शोधण्यास तिसऱ्या खेपेपर्यंत कोणालाच सवड झाली नाही.

कोणती केबल घरी दुरुस्त करावी आणि कोणती करू नये, याविषयी स्पष्ट राहावे. रेसच्या केबलवर ताण कमी असतो. तिला स्क्रूचे निपल किंवा छिद्राचा बोल्ट चालतो. चोकच्या तारेचेही तसेच. वीडरचा पट्टा ताणणाऱ्या क्लचच्या तारेवर मात्र बराच ओढा असतो. तिच्यावर स्क्रूचे निपल शेतातून घरी येईपर्यंतची सोय म्हणून लावावे आणि नंतर जाडी व लांबी जुळणारी तयार केबल घालावी. ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा दुचाकीच्या ब्रेकच्या केबलला असा कोणताही जोड लावू नये. तेथे नवी केबलच घालावी, मग त्यासाठी एक दिवस मोडला तरी चालेल.

स्क्रूचे निपल लावण्याची रीत सोपी दिसते, पण चुकाही त्यातच होतात. तार कापण्याआधी कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन वेढे घट्ट द्यावेत आणि धारदार कटरने एका दाबात तोडावे. बोथट पकडीने चावत तोडली तर धागे पिंजतात आणि मग ती कोणत्याही छिद्रातून जात नाही. निपलपुढे एक सेंटीमीटर शेपूट ठेवावे. स्क्रू आवळताना तो तारेवर चपटा बसला पाहिजे. टोकदार स्क्रू धागे कापतो, म्हणून त्याचे टोक कानशीने घासून सपाट करावे. विजेच्या कनेक्टर पट्टीतला पितळी तुकडा काढून तो निपल म्हणून वापरण्याची युक्ती गावोगाव चालते, आणि रेसपुरती ती वाईटही नाही, कारण त्याला दोन स्क्रू असतात. मात्र तो खटक्याच्या खोबणीत मोकळा फिरतो की नाही, हे आधी पाहावे. आवळून झाल्यावर तार पक्कडीने जोरात ओढावी, दहा-बारा वेळा खटका दाबावा आणि स्क्रू पुन्हा एकदा आवळावा, कारण धागे दबून बसले की पहिली आवळण हमखास सैल होते.

अधिक टिकाऊ काम हवे असेल तर कथलाचा डाक लावलेले निपल करावे. निपलच्या छिद्राचे बाहेरचे तोंड मोठ्या ड्रिलने किंचित पसरट करावे, तार आतून घालून तिचे धागे त्या पसरट तोंडात फुलासारखे उलगडावेत, आणि मग डाक असा द्यावा की कथिल धाग्यांच्या आत मुरेल. निव्वळ वरून लावलेला कथिलाचा गोळा ताणाखाली निसटतो, कारण धरून ठेवण्याचे खरे काम पसरलेले धागे करतात आणि कथिल त्यांना फक्त जागेवर बांधून ठेवते. त्याआधी तार पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडी करावी, तेलकट तारेला डाक धरत नाही. हे काम यंत्रावर, टाकीजवळ कधीही करू नये. केबल सोडवून दूर न्यावी. तार गॅसच्या ज्योतीत लाल करू नये. लाल झालेल्या पोलादाचा ताठा जातो आणि ती तार निपलच्या तोंडाशीच तुटते. कथलाला तेवढी उष्णता लागतही नाही, साठ-चाळीसचे कथिल (साठ टक्के कथिल, चाळीस टक्के शिसे) 190 अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते. डाक नीट धरावा म्हणून लावतात तो फ्लक्स आम्लाचा असेल, तर तो सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन काढावा, नाहीतर पावसाळ्यात त्याच जागी गंज चढतो. गंज न चढणारी चकचकीत तार राळेच्या साध्या फ्लक्सने डाक घेत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तुटलेली तार मध्येच जोडण्याचा मोह अनेकांना होतो. आऊटरच्या आत जोड कधीच ठेवू नये. उघड्या भागात जोडायचेच असेल, तर आधी खटका किंवा लिव्हर पूर्ण फिरवून तार किती सरकते ते मोजावे. समजा ती 25 मिलिमीटर सरकत असेल, तर जोड आऊटरच्या तोंडापासून किमान 40 मिलिमीटर दूर असावा, म्हणजे कोणत्याही स्थितीत तो तोंडात जाऊन अडकणार नाही. हा हिशोब चुकला तर रेस उघडी राहून अडकते आणि ब्रश कटरचे पाते खटका सोडल्यावरही फिरत राहते. अशा वेळी घाबरून पात्याकडे हात न नेता बंद करण्याचे बटण दाबावे. वायर क्लिपा वापरताना दोन तरी लावाव्यात. क्लिपेचा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला बोल्ट तारेच्या मोकळ्या शेपटावर आणि खाचेची बैठक ओढल्या जाणाऱ्या तारेवर बसवावी. उलट लावल्यास बोल्ट ओढाची तारच चेपतो. स्प्रिंग असलेल्या क्लच केबलमधली स्प्रिंग अनावश्यक समजून काढून टाकू नये, पट्टा ताणताना जादा ओढ तीच सोसते.

आऊटर बदलताना ते जुन्याइतकेच लांब कापावे. कापलेल्या टोकाची वळी आत वळते; ती कानशीने सपाट करावी, खिळ्याने तोंड उघडावे आणि मगच टोपी बसवावी. टोपी न घालता आऊटर थेट ब्रॅकेटमध्ये रोवल्यास ते हळूहळू आत दबते आणि खटक्याची चाल दर आठवड्याला वाढत जाते. शेतकऱ्याला वाटते तार ताणली. केबल नेताना ती सायलेन्सरपासून दूर ठेवावी आणि कोठेही हातभर दोरीची गाठ मारावी तसे तीव्र वळण देऊ नये. आठ-दहा सेंटीमीटरपेक्षा लहान वळणात तार आतून घासते.

तेलाचा प्रश्न मराठवाड्यात थोडा वेगळा आहे. मे महिन्याच्या धुळीत ग्रीस भरलेल्या केबलमध्ये काळी माती मिसळून जी खळ तयार होते, ती वाळली की तार हलत नाही. म्हणून आऊटरमध्ये ग्रीस भरू नये. केबल रात्रभर उभी टांगावी, वरच्या टोकाला पिशवीचा लहान शंकू चिकटपट्टीने बांधावा आणि त्यात शिलाई मशीनचे तेल थेंबथेंब सोडत राहावे. खाली स्वच्छ तेल गळू लागले की पुरे. आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही, ती फक्त पुसून कोरडी ठेवावी. हँडलकडचे वरचे तोंड रबरी टोपणाने झाकावे, कारण पावसाचे पाणी तेथूनच आत उतरते.

शेवटी चाल ठरवावी. रेसच्या तारेला दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक हवी. ती ॲडजस्टरच्या स्क्रूने ठरवून चेकनट आवळावा. मग इंजिन सुरू करून हँडल डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली करून पाहावे. त्यात इंजिनाचा आवाज चढला, तर केबल कोठेतरी ओढली जात आहे. क्लचचा खटका सोडताच पाती थांबली पाहिजेत. ज्या डिझेल इंजिनावर बंद करण्याची तार आहे, तिथे ती ओढून इंजिन खरोखर बंद होते का, हे पेरणीआधी एकदा तरी पाहावे, आणि तार तुटल्यास इंजिनाच्या डिझेल पंपावरचा लिव्हर कोणत्या बाजूला ढकलायचा, हे घरातील यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकाला फॅनपासून दूर उभे करून प्रत्यक्ष दाखवावे.