शेफिल्डचे उतार आणि आपला डावा पाय

मला इथे, इंग्लंडातल्या शेफिल्डला, येऊन सोळा वर्षं झाली. दर सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी मंडळी येतात, दोन-तीन महिन्यांत जुनी फिएस्टा किंवा कोर्सा घेतात आणि पहिली कडक थंडी पडली की त्यांतल्या एखाद्याचा फोन येतो. कुठे ठोकली, किती लागलं हे सगळं नंतर. ठोकली तेव्हा त्याचा डावा पाय क्लचवर होता, हे मी न ऐकताच सांगतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही, कारण माझाही तिथेच होता.

कागदपत्रांचं दोन ओळींत उरकतो. इथे राहायला आल्या दिवसापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. तेराव्या महिन्यात तोच कागद खिशात घालून निघालात, तर लायसन्स नाही आणि विमाही धरला जाणार नाही. म्हणून इथल्या लायसन्सची थिअरी लवकर देऊन टाका (५० पैकी ४३ बरोबर यावे लागतात), कारण प्रॅक्टिकलची तारीख मिळायलाच महिनोन्महिने जातात. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर मॅन्युअल चालवायची परवानगी मिळत नाही. आपली काही मंडळी ‘कटकट नको’ म्हणून तसं करतात आणि पुढे ऑफिसची किंवा मित्राची गाडी समोर उभी असताना बसची वाट बघतात.

आता मुद्द्याचं.

पुण्यात आपण गाडी थांबवतो कशी? समोर काही दिसलं की क्लच आणि ब्रेक एकदम दाबायचा. तिथे ते खपून जातं. कर्वे रोडवर संध्याकाळी गाडी ताशी पंधरा-वीसच्या वर जातच नाही, आणि चुकून बंद पडली तर मागचे हॉर्न जीव खातात. त्यामुळे क्लच सोडायचीच भीती बसते. तोच पाय घेऊन माणूस इथे येतो आणि ४० मैलांच्या रस्त्यावर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटरला, सिग्नल लाल दिसल्यावर तेच करतो. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. गाडीला मागे धरून ठेवणारं इंजिन गेलं, आता सगळा भार ब्रेकवर. हायवे कोड, म्हणजे इथलं रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, ४० मैलांना थांबायचं अंतर ३६ मीटर सांगतो. ते कोरड्या रस्त्याचं आहे. ओल्यावर दुप्पट धरा. बर्फावर दहापट.

क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये घरंगळत जाण्याला इथे कोस्टिंग म्हणतात आणि परीक्षेत त्याची चूक लागते. इथल्या शिकवणाऱ्यांच्या तोंडी एक मंत्र असतो: ‘गिअर्स टू गो, ब्रेक्स टू स्लो’. वेग कमी करायचं काम ब्रेकचं आणि गिअर पुढे जाण्यासाठी. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला अशी पायरी-पायरी उतरायची गरज नाही.

थांबायचं असेल तर आधी आरसा. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि नुसतं थांबा. गाडी गिअरमध्येच आहे, इंजिन तिला आवरतंय, ते कमरेला जाणवतं. मग ब्रेक हळू सुरू करून वाढवत न्या. डावा पाय तोवर क्लचच्या बाजूला, फरशीवर. वेग उतरत उतरत इंजिन घरघरायला लागतं, गाडी थरथरेल असं वाटतं, तेव्हा क्लच पूर्ण दाबा. तिसऱ्या गिअरला साधारण दहा मैलांच्या आसपास ही वेळ येते. त्याच्या आधी नाही. गाडी उभी राहायच्या शेवटच्या हातभर अंतरात ब्रेक किंचित सैल करा, म्हणजे मागे बसलेल्या आईची मान हलत नाही. मग हँडब्रेक, न्यूट्रल, दोन्ही पाय मोकळे. रात्री रांगेत ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, तुमचे लाल दिवे मागच्याच्या डोळ्यांत जातात.

वळायचं असेल तर चौथ्यातच ब्रेक लावत दहा-पंधरा मैलांवर या, मग क्लच, सरळ दुसरा, आणि वळण सुरू व्हायच्या आत क्लच सोडून मोकळे व्हा. वळणात क्लच दाबलेला असला की गाडी तुमची राहत नाही.

‘पण न्यूट्रलवर पेट्रोल वाचतं ना?’ हे मला मंडळाच्या प्रत्येक गणपतीत कोणीतरी ऐकवतं, बहुतेक वेळा हातात मोदक घेऊन. कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडंफार वाचत असेल. आजच्या, इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही पाय काढलात आणि गाडी गिअरमध्ये असली, तर चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावं लागतं, म्हणून ते पेट्रोल पितं. म्हणजे वाचवायला गेलात आणि जास्त जाळलंत. उतारावर चावी फिरवून इंजिनच बंद करणारे महाभागही मी पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाडीत बसत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. जानेवारीची सकाळ, आठचा सुमार. मी तेव्हा वॉकलीत राहायचो. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथल्या गल्ल्या म्हणजे जिनेच. काच खरवडून निघालो, गल्लीच्या वरच्या टोकाला सवयीने क्लच दाबला आणि ब्रेकवर पाय ठेवून खाली सोडली. अर्ध्यात ब्रेक जास्त दाबावा लागला. पेडल पायाखाली टकटकटक करायला लागलं, ते एबीएस होतं, चाकं अडकून घसरू नयेत म्हणून ब्रेक सोडत-धरत राहणारी यंत्रणा, पण मला वाटलं काहीतरी तुटलं. म्हणून पाय काढला! गाडी अजून सुटली. मोठ्या रस्त्याला वाट द्या सांगणारी तुटक दुहेरी रेषा आली, गेली, आणि मी मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका व्हॅनच्या कुशीत. कोणाला लागलं नाही. व्हॅनवाला उतरला, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘यू ऑलराइट, लव्ह?’ साठीचा, दाढीवाला. यॉर्कशरमध्ये पुरुषही पुरुषाला लव्ह म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

नुकसानीतले पहिले ४०० पौंड माझे. पुढच्या वर्षीचा हप्ता वाढला तो वेगळाच, आणि नो-क्लेमचं खातं शून्यावर. वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सोडून, ब्रेकला जेमतेम हात लावत उतरलो असतो तर हे पैसे घरी राहिले असते. पुन्हा लिहितो: क्लच सोडून. आणि एबीएस टकटकलं तर पाय काढू नका, दाबूनच ठेवा.

लाज याची वाटली की हे मला माहीत होतं. माझा मामा एसटीत ड्रायव्हर, महाड डेपोचा. लहानपणी त्याच्याबरोबर वरंध घाटातून कितीदा गेलो असेन. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे तो बोलायचाही नाही, नुसता करायचा, आणि सगळी गाडी गुरगुरत खाली यायची. इथे विनॅट्स पासला, म्हणजे जवळच्या खिंडीतल्या घाटात, गेलात तर लाल त्रिकोणात उताराची टक्केवारी लिहिलेली दिसेल. ती दिसली की उतार सुरू व्हायच्या आधी गिअर कमी करा. उताराच्या मध्यावर ब्रेक तापल्याचा वास आल्यावर नाही.

दुसरी आपली खोड म्हणजे थांबल्यासारखं करणं. अष्टकोनी लाल ‘स्टॉप’ची पाटी असली की चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा असला तरी. मी पहिल्या परीक्षेत तिथे माणूस चालेल इतक्या वेगाने सरकत गेलो. परीक्षक काही बोलला नाही, पुढची पंचवीस मिनिटं हवामानाच्या गप्पा मारल्या आणि शेवटी नापास. ही माणसं वाईट बातमीही चहा विचारल्यासारखी देतात. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, अशी एकही नाही.

पुढच्या गाडीला चिकटून थांबू नका. तिचे मागचे टायर रस्त्याला टेकतात ती जागा तुमच्या सीटवरून दिसली पाहिजे. मधे कोणी घुसेल ही भीती सोडा, इथे घुसत नाहीत. आणि उभ्या गाडीतून हॉर्न वाजवणं इथे नियमाबाहेर आहे.

पिवळे गोळे लुकलुकणारं झेब्रा क्रॉसिंग दिसलं की लांबूनच पाय काढा. जानेवारी २०२२ पासून, ओलांडायला नुसता उभा असलेल्या माणसालाही वाट द्यायची आहे. थांबलात की तो हात करेल. तुम्हीही करा.

मारुती चालवून आलेल्यांचे पहिले पंधरा दिवस वळताना वायपर चालू होतील, कारण इंडिकेटर बहुतेक गाड्यांत डावीकडे असतो. त्याला इलाज नाही.

उतारावर गाडी लावताना हँडब्रेकवर एकट्यावर विसंबू नका. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर आणि चाकं फुटपाथपासून बाहेर वळवलेली. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स आणि चाकं फुटपाथकडे. मग खाली उतरून एकदा मागे वळून बघा. मी अजूनही बघतो, आणि बायको दारात किल्ली घेऊन हसते.